डाव्या ब्रेक लाइटचा इशारा

आमच्या गॅरेजमध्ये एक किस्सा सांगितला जातो. नवीन गिऱ्हाईक आलं, काम व्हायला वेळ असला आणि चहा आला, की उमेशदादा (गॅरेज त्यांचं) माझ्याकडे हात करून सुरू करतात. "ही आमची इंजिनिअर. हिनं एका मालकाला त्याच्याच ड्रायव्हरची लबाडी लॅपटॉपवर काढून दाखवली बगा." मग सगळे माझ्याकडे वळून बघतात. मी मान खाली घालून हसते. लोकांना वाटतं, पोरगी लाजाळू आहे.

तो किस्सा खोटा आहे. खोटा आहे हे दोनच माणसांना माहीत आहे. एक तो ड्रायव्हर, त्याचं कुणी ऐकलं नाही. दुसरी मी, आणि मी तोंड उघडलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आबांजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. का तुम्हालाच? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

कुठून सुरू करू? गाडीपासून करते. गाडीचं मला कळतं.

ती काळी जर्मन गाडी शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्या मालकाची. माझे आबा त्या गाडीवर अकरा वर्षं ड्रायव्हर होते. आम्ही गडमुडशिंगीचे. आबा पहाटे सायकलवरून मालकाच्या कोल्हापूरच्या बंगल्यावर जायचे, गाडी पुसायचे, आणि मालक बाहेर येईपर्यंत दाराशी उभे राहायचे. बसायचं नाही, असा तिथला नियम होता. मालक कधी दहा मिनिटांत यायचा, कधी दोन तासांनी. मी लहान असताना मला वाटायचं, आबांच्या पायाला काहीतरी झालंय म्हणून ते रात्री तेल लावतात.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. मी बारावीला चांगले मार्क पाडून इंजिनिअरिंगला लागले तेव्हा मालकानं त्याच्या मुलाचा जुना कॅल्क्युलेटर आबांच्या हाती पाठवला होता. चारही वर्षं मी तोच वापरला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, फी भरायला म्हैस विकणारी आई, अशा कितीतरी लोकांचे उपकार माझ्यावर आहेत. त्या यादीत तोही येतो. येतो — हे लिहितानासुद्धा माझे दात आवळले जात आहेत.

मी शेवटच्या वर्षाला असताना ते घडलं. गाडीत समोर पिवळा दिवा लागू लागला, डावा ब्रेक लाइट बघा म्हणून. आबांनी मालकाला सांगितलं. एकदा नाही, आठ दिवस रोज सांगितलं. मालक म्हणाला, "मागचा दिवा पेटतोय न्हवं? मग गप चालव." पुढच्या रविवारी जयसिंगपूरला एका लग्नाला जाताना आबांनी ब्रेक मारला, त्या बाजूचा दिवा लागला नाही, आणि मागून टेम्पोनं ठोकलं. कुणाला लागलं नाही. डिकीचं झाकण चेपलं, एवढंच.

मांडवाच्या दारात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर मालक ओरडला, "पांड्या, बल्ब गेलाय हे सांगाय तोंड न्हवतं व्हय तुला?" आबा म्हणाले, "मालक, सांगिटलंतं की." त्यावर त्यानं हात पुढे केला. "चावी ठेव आन् नीघ हितनं."

अकरा वर्षं, आणि पाच शब्द.

आबा एसटीनं घरी आले. अंगात पांढरा युनिफॉर्म तसाच. आईनं विचारलं, लग्नाचं जेवण कसं होतं? ते म्हणाले, "भाकरी हाय का?" लग्नाला गेलेला माणूस घरी येऊन भाकरी मागतो — बास, तेवढंच मी पाहिलं. बाकीचं मला आठवड्याभरानं दुसऱ्यांकडून कळलं. आबांनी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. ते आता गावच्या दूध डेअरीवर मापाला असतात. आणि मालकाचं नाव निघालं, की अजून म्हणतात, "मीठ खाल्लंय त्याचं." मला ते ऐकवत नाही. मीठ त्यांनी खाल्लं असेल, मी नाही खाल्लं — असं मी मनात म्हणायचे. कॅल्क्युलेटर तेव्हा बरोबर विसरायचे.

नोकरी शोधत मी पुण्याला दोन वर्षं काढली, मग लग्न करून कोल्हापुरात आले. उमेशदादांच्या गॅरेजमध्ये गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघू लागले. उद्यमनगरात तेव्हा हे करणारं दुसरं कुणी नव्हतं, बाई तर नव्हतीच. कोपऱ्यात माझं टेबल, लॅपटॉप, दोन केबली आणि एक रजिस्टर.

आणि एक दिवस ती काळी गाडी दारात आली.

नंबर वाचायचीसुद्धा गरज पडली नाही. मालक मागच्या सीटवरून उतरला. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. गाडी पंधरा-सोळा वर्षांची, पण विकायची नव्हती, ती त्याच्या पायगुणाची होती. मुलानं कुठून तरी त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचे एलईडी टेल लाइट मागवले होते. ते बसवायचे. मालकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उमेशदादांना विचारलं, "ही करणार व्हय?"

त्यानं मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? आबा त्याच्यासाठी 'पांड्या' होते. अकरा वर्षांत आडनावाची कधी गरज पडली नव्हती, मग पोरीचं तोंड कुठून माहीत असणार?

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अशा गाडीला एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो प्रत्येक बल्बवर लक्ष ठेवतो. बल्ब किती करंट खातो ते बघतो. करंट थांबला, की त्याला कळतं बल्ब उडाला, आणि तो समोर पिवळा दिवा लावतो, टिंग टिंग वाजवतो. एलईडी फार थोडा करंट खातो. त्यामुळे नवे दिवे नुसते बसवले, तर ते लख्ख पेटत असतानाही गाडी बोंबलत राहते — बल्ब गेला, बल्ब गेला. म्हणून लॅपटॉप जोडून गाडीला समजावून सांगावं लागतं, की बाई, आता मागे एलईडी आहेत, त्यांची जुन्या हिशोबानं तपासणी करू नकोस. याला आम्ही कोडिंग म्हणतो. उजवीकडचं, डावीकडचं, ब्रेकचं, इंडिकेटरचं, प्रत्येकाचं वेगळं. काम अर्ध्या तासाचं. माझी एक पद्धत आहे. आधीचं कोडिंग रजिस्टरमध्ये उतरवायचं, नंतरचं त्याच्या खाली. उद्या काही बिघडलं, तर मागे जाता येतं.

त्या दिवशी मी उजवीकडचं सगळं नीट केलं. डावीकडचं टेल लाइट, इंडिकेटर नीट केलं. डावा ब्रेक लाइट राहिला. माझं बोट तिथं थांबलं.

तो मी तसाच ठेवला. विसरले नाही — ठेवला. त्या एलईडीचा करंट मर्यादेच्या अगदी काठावर होता. म्हणजे कधी इशारा येणार, कधी येणार नाही. मागचा दिवा मात्र ब्रेक मारला, की पेटणारच. कुणाला धोका नव्हता, हे मी तपासून घेतलं होतं, आणि ते मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. रजिस्टरमध्ये त्या गाडीपुढची ओळ मी कोरी सोडली.

मला काय हवं होतं? त्याचा जीव नको होता, गाडीही नको होती. त्याला तो पिवळा दिवा दिसावा, एवढंच हवं होतं. तोच. डावा ब्रेक लाइट. त्याला कळू दे, इशारा येतो आणि कुणी ऐकत नाही, तेव्हा कसं वाटतं. त्याला माझ्या दारात यावं लागू दे.

तो आला. चार दिवसांनी आला.

"बाई, ते टिंग टिंग वाजाय लागलंय की परत."

मी म्हटलं, बसा. आमच्याकडे एक प्लास्टिकची खुर्ची आहे, तिचा एक पाय आखूड आहे. त्यावर तो बसला. मी दुसऱ्या गाडीचं काम काढलं आणि दीड तास त्याच्याकडे बघितलं नाही. मग केबल जोडली, इशारा पुसला, सेटिंगला हात लावला नाही. "झालं," म्हटलं. तो गेला. आठवड्याभरानं पुन्हा आला. तेव्हा दोन तास. तिसऱ्या वेळी ऊन डोक्यावर आलं होतं, पत्रा तापला होता, आणि त्यानं मला विचारलं, "अजून किती येळ?" मी म्हटलं, "होईल तेव्हा सांगते."

मी खोटं सांगणार नाही. ते दिवस मला गोड लागले. घरी जाताना मी स्कूटरवर गुणगुणायचे. त्याच्या बगला घामानं ओल्या झालेल्या मी पाहिल्या, कपाळ पुसायला रुमाल शोधताना त्याला पाहिलं, आणि मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. आजही वाटतं. त्या खुर्चीबद्दल मला काहीच वाईट वाटत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. मी किती चांगली आहे हे ठरवायला पुढे उपयोगी पडेल.

आता सदामामा.

त्या गाडीवर नवा ड्रायव्हर होता, सदाशिव. गॅरेजमधले सगळे त्याला सदामामा म्हणायचे. कबनूरचा. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेला. माग बंद पडला तेव्हा गाडी शिकला, आणि मालकाकडे लागला. बंगल्यामागं एक खोली मिळाली होती. तिथं तो, बायको आणि मुलगी राहत होते. मुलगी बारावीला होती, कॉलेज तिथून चालत दहा मिनिटांवर. मालक खुर्चीवर बसला, की सदामामा गाडीशी उभा राहायचा. मी बस म्हटलं, तर म्हणायचा, "नगं ताई, पायास्नी सवय हाय. मागावर कोण बसतंय?"

मला तो आवडायचा. त्याला बोलायला लागायचं. इशारा बंद होईना, तेव्हा एकदा मालकाच्या सांगण्यावरून त्यानं गाडीवरून नारळ ओवाळून फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा मला आणून दिला. "ताई, दृष्टबी काढली आता. तुमच्या लॅपटॉपवरनं बी उतरून टाकू का?" आम्ही सगळे हसलो. एकदा म्हणाला, "तुमास्नी बघितलं की आमच्या पोरीला दावावं वाटतंय. गरिबाचं लेकरू गाडीला बोलाय शिकवतंय म्हंजे काय!" मी ते खोबरं खाल्लं.

इशारा वाजायचा तेव्हा गाडीत पुढे कोण बसलेलं असायचं? शिव्या कोण खात असेल? — हे माझ्या मनात आलं नाही, असं मी म्हणू शकले असते. आलं होतं. दुसऱ्याच वेळी सदामामा म्हणाला होता, "मालक माज्यावरच डाफरत्यात ओ, जसं काय मीच वाजवतोय." मी ऐकलं, मान हलवली आणि आणखी एकदा, फक्त आणखी एकदा, असं म्हटलं. माझा बाप ड्रायव्हर होता. मला नाही कळणार, तर कुणाला?

पाचव्या वेळी मालक आला तो ओरडतच. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं होती. "उमेश, तुझ्या ह्या बाईच्या डिगरीचं काय लोणचं घालू? पाच खेपा झाल्या! आता मी गाडी पुण्याला धाडतो, कंपनीच्या वर्कशॉपला. हिनं काय काय करून ठेवलंय, ते काढू देत त्यास्नी भाईर." उमेशदादांचं तोंड उतरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गाडी पुण्याला जाऊन चालणार नव्हतं. कारण जाणकार माणसानं लॅपटॉप जोडला, तर दोन मिनिटांत दिसणार होतं, की सगळं नीट केलंय आणि एकच जागा मुद्दाम सोडलीय. चुकून असं होत नाही. माझी नोकरी जाणार होती, नाव जाणार होतं. आणि त्याला कळलं असतं मी कुणाची मुलगी — मग त्यानं आबांना गावात येऊन काय काय ऐकवलं असतं?

खरं म्हणजे, कळू द्यायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर मी हे सगळं केलं होतं ना? त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं, मी पांड्याची पोरगी. एवढी वर्षं घोकलेलं वाक्य होतं ते. समोर तो उभा होता, ऐकायला चार माणसंही होती. आणि वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. दुसरंच निघालं.

मी म्हटलं, "डाव्या दिव्यामागचा सॉकेट कुणीतरी उघडलाय. क्लिप तुटलीय. कुणी हात लावत असेल, तर मी कितीही केलं तरी इशारा येणारच."

क्लिप खरंच तुटलेली होती. दिवे बसवताना माझ्याच हातून तुटली होती.

मी कुणाचं नाव घेतलं नाही. पण गाडी दिवसरात्र कुणाच्या ताब्यात असते? मालकानं हळूच मान वळवली. "सदा."

"मालक, मी न्हाय. आईशप्पत, मी डिकीचं झाकणबी कामाबिगर उघडत न्हाय."

"मग भूत उघडतंय व्हय? दिवं काढून विकायचा इचार हुता काय तुजा?"

"ताई," सदामामा माझ्याकडे वळला, "तुमी सांगा की. तुमास्नी त्यात दिसतंय न्हवं सगळं? तुमी सांगा."

तो माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवत होता. त्याचा माझ्या पडद्यावर विश्वास होता. मी पडद्याकडे बघत राहिले. किती वेळ? — चार श्वास असतील. त्या चार श्वासांत मी बोलू शकत होते. मी काही टाइप केल्यासारखं केलं.

मालकानं हात पुढे केला. तोच हात. तेच शब्द. सदामामानं किल्ली त्याच्या हातावर ठेवली, चपला नीट घातल्या, आणि उमेशदादांना नमस्कार करून बाहेर पडला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

मग मी काय केलं असेल, असं तुम्हाला वाटतं? मी केबल जोडली आणि डाव्या ब्रेक लाइटचं कोडिंग नीट केलं. दहा मिनिटं लागली. नवी क्लिप लावली. त्या दिवसापासून इशारा एकदाही आला नाही. यापेक्षा मोठा पुरावा कुणाला हवा? ड्रायव्हर गेला आणि बिघाड गेला. मालकानं गावभर सांगितलं. त्याच्या ओळखीच्या कितीतरी गाड्या माझ्याकडे आल्या. उमेशदादांनी बाहेरच्या बोर्डावर माझं नाव रंगवून घेतलं. आबा डेअरीवरून ते बघायला मुद्दाम आले, बोर्डासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. गाड्या कुणी पाठवल्या, हे त्यांना मी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी सदामामा गॅरेजवर आला. दाढी वाढलेली. मला बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही. खोली दोन दिवसांत रिकामी करायला लावली होती, सगळे कबनूरला भावाच्या घरात राहत होते. मुलीची परीक्षा दहा दिवसांवर आली होती. ती रोज दोन बस बदलून कोल्हापूरला येत होती. दुसरीकडे ड्रायव्हरकीचं विचारायला जावं, तर लोक आधी मालकाला फोन करत होते, आणि मालक 'चोर' म्हणत होता.

"ताई, तुमी यवढंच करा," तो म्हणाला. "मालकास्नी फोन लावून म्हना, वायरीचा दोष असंल, मानसाचा नसंल. असंल म्हना. नक्की म्हनू नगासा. तुमचं ऐकत्यात ते."

मला वाचवतच मागत होता तो. माझ्यावर काही येऊ नये, अशी वाक्यं त्यानं घरून जुळवून आणली होती. मला वाटतं, त्याला सगळं कळलं होतं. का केलं ते नाही, पण कुणी केलं ते.

मी म्हटलं, "बघते, मामा."

तो "बरं" म्हणाला. मग गेला.

मी फोन केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. परीक्षा झाली, निकाल लागला. त्या मुलीचं काय झालं, मी विचारलं नाही. कबनूरचं एक गिऱ्हाईक मध्ये आलं होतं. त्याच्याशी मी सगळं बोलले, एवढं सोडून.

मालकाचं काय बिघडलं? एकूण पाच खेपा, थोडा घाम. त्यानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. गाडी दर सहा महिन्यांनी माझ्याकडेच येते, दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालत नाही. 'आमची बाई' म्हणतो मला. त्याच्यावरचा माझा राग कमी झालेला नाही. इंचभरसुद्धा नाही. तो समोर बसलेला असतो, तेव्हा मला अजून ते वाक्य आठवतं, आणि मी त्याच्या गाडीचं काम नीट करून देते.

सदाशिवनं त्या दिव्याला हात लावला नव्हता. क्लिप मी तोडली, इशारा मी ठेवला, आळ मी घातला. उद्या मालकानं मला पुन्हा विचारलं, "बाई, त्यो सदाच हुता न्हवं?" तर मी काय म्हणेन, ते मला माहीत आहे. मी लॅपटॉपकडे बघेन.